पहिलं दूध, दुसरं दूध

३७५ रुपये, वर टॅक्स. एका ग्लासाचे! आणि त्यात काय, तर डब्यातला अननसाचा ज्यूस, नारळाच्या वासाचं कसलंसं सिरप, ढीगभर बर्फ आणि काठावर खोचलेली कागदाची छत्री.

तारीख ४ एप्रिल २०२५, वार शुक्रवार. मार्च एन्डचं भूत एकदाचं उतरलं होतं, टार्गेट गाठलं होतं आणि बॉस कधी नव्हे तो खुशीत होता. म्हणून अख्खी टीम रूफटॉपवर. पुण्यातला पारा चाळिशीला टेकलेला. रात्रीचे साडेआठ वाजले तरी खुर्चीची गादी गरम लागत होती. बाकीच्यांनी आपापले ब्रॅण्ड सांगितले. मला गाडी चालवत घरी जायचं होतं, म्हणून मी व्हर्जिन पिन्या कोलाडा मागवला. म्हणजे दारू वजा केलेला. स्ट्रॉ तोंडात धरला, पहिला घोट घेतला आणि... सनस्क्रीन! शपथ सांगते, माझ्या सनस्क्रीनच्या ट्यूबला अगदी हाच वास येतो.

आता मी पडले गुहागरची. घरामागे नारळाची वाडी. अ-आ-इ शिकायच्या आधीपासून मला शहाळं, अडसर आणि नारळ यांतला फरक कळतो. नारळाच्या नावाखाली कुणी असलं काही खपवलं की माझं डोकंच फिरतं. घरी येता येता ठरवून टाकलं, रविवारी हे घरी करायचं. अननस, नारळ, बर्फ आणि मिक्सर. त्यात काय एवढं?

रात्री झोप येईना म्हणून नेटवर जरा खोदकाम केलं. ‘पिन्या कोलाडा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘गाळलेला अननस’. जन्मगाव कॅरिबियन समुद्रातलं प्युर्टो रिको बेट. तिथल्या सॅन हुआन शहरातलं कॅरिब हिल्टन हॉटेल म्हणतं, आमच्या बारटेंडरनं, रॅमॉन मारेरोनं १९५४ मध्ये हे पहिल्यांदा बनवलं. त्याच शहरातलं बाराचिना रेस्टॉरंट म्हणतं, छे, १९६३ मध्ये आमच्याकडे, आणि बनवणारा रॅमॉन पोर्तास मिंगोत. आणि ज्या तयार नारळाच्या क्रीमवर हे ड्रिंक उभं राहिलं, ते ‘कोको लोपेझ’ काढणारे प्राध्यापक कोण? तर रॅमॉन लोपेझ इरिझारी! तिघेही रॅमॉन. भांडण मिटो न मिटो, प्युर्टो रिकोनं १९७८ मध्ये याला आपलं राष्ट्रीय पेय करून टाकलं.

मला यातला तिसरा रॅमॉन जाम आवडला. नारळाचं दूध हातानं पिळून काढणं हे कष्टाचं काम. या गृहस्थांनी ते सोपं करून डब्यात भरलं. जगाचे हात दुखायचे थांबले! त्या रात्री मला वाटलं, काय सही माणूस आहे.

दोन दिवसांनी आमच्या स्वयंपाकघरात नेमकं उलटं झालं.

पण त्याआधी बाबांबद्दल सांगायला हवं.

२०२४ च्या गणपतीत, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचाही थोड्या दिवसांनी बऱ्यापैकी परत आली. उजवा हात मात्र रुसला. बाबा म्हणजे गुहागरला चौतीस वर्षं गणित शिकवलेले मास्तर. कंपास न घेता फळ्यावर एका फटक्यात गोल वर्तुळ काढणारा हात होता तो. सुट्टीत याच हातानं ते सुळ्यावर नारळ सोलायचे. एका नारळाला तीन झटके, चौथा नाही.

डिस्चार्जनंतर आई-बाबा पुण्याला आमच्या फ्लॅटवर आले. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. माझ्याच वयाची, हसरी मुलगी. रबरी बॉल दाबा, चिकणमातीसारखी पुटी मळा, ओला टॉवेल पिळा. ती मला बाजूला घेऊन सांगायची, “काकांचा हात हलतोय, पण ते तो वापरत नाहीत. न वापरलेला हात मेंदू विसरायला लागतो. काहीही करून वापरायला लावा.”

आता बाबांना कोण लावणार? ती असेपर्यंत बॉल दाबायचे. ती लिफ्टमध्ये शिरली की बॉल सोफ्याच्या उशीखाली. “मी काय पाळण्यातलं बाळ आहे?” एवढंच एक वाक्य. मग टीव्ही. जेवण डाव्या हातानं, चमच्यानं, मान खाली घालून. मार्च उजाडला तेव्हा मी घरी आल्यावर त्यांच्याकडे बघायचंच टाळायला लागले होते. ऑफिसात उशिरापर्यंत थांबायला कारण लागतं का? मार्च एन्ड होताच की.

तर रविवार, ६ एप्रिल. रामनवमी. आईनं सुंठवडा केला होता आणि पूजेसाठी नारळ आणले होते दोन. त्यातला एक मी पळवला. मंडईतून आणलेल्या अननसाच्या फोडी सकाळपासून फ्रीझरमध्ये होत्या. बाबा डायनिंग टेबलाशी पेपर घेऊन बसलेले. मी खोबऱ्याचे तुकडे मिक्सरमध्ये टाकले, फ्रीजमधली बाटली काढली आणि ओतणार, तेवढ्यात...

“अगं, गार पाणी?”

मी वळून बघितलं. हा आवाज मी सात महिने ऐकला नव्हता. हा दहावी ‘अ’ चा आवाज होता.

“थंडीत इथे खोबरेल तेल बाटलीत गोठतं की नाही? का गोठतं? चोवीस अंशांच्या खाली ते घट्ट होतं. मग गार पाण्यात नारळातली स्निग्धता सुटेल कशी? कोमट पाणी घे. बोट बुडवता येईल एवढंच.”

मुकाट्यानं कोमट पाणी घेतलं. मिक्सर फिरवला. मग मी चहाची गाळणी काढली. आता मात्र बाबांना राहवेना. ते उठले, काठी टेकत ओट्याशी आले. “गाळणी? हे दूध आहे, चहा नव्हे. पंचा आण.”

आईनं धुतलेला पांढरा पंचा आणून दिला. मी त्यात वाटलेलं खोबरं ओतलं, पुरचुंडी बांधली आणि बाबांनी ती माझ्या हातातून घेतली. विचारलं नाही, सांगितलं नाही. जणू गुहागरच्या घरी मागच्या पडवीत उभे आहेत. डाव्या हातानं गाठ धरली, उजव्यानं खाली पीळ द्यायला गेले. बोटं मिटली, पण पकडच नाही. पुरचुंडी निसटली. पातेलं कलंडलं. ओट्यावरून दूध खाली, त्यांच्या पायजम्यावर, फरशीवर.

बाबांनी हाताकडे बघितलं. मग काही न बोलता खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आईनं फडकं घेतलं आणि फरशी पुसली. ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. उरलंसुरलं दूध घालून मी ड्रिंक केलं. चव? अप्रतिम. रूफटॉपवाल्याच्या तोंडात मारेल अशी. नवरा दोन ग्लास प्यायला. मला अर्धासुद्धा जाईना.

रात्री ओटा आवरताना पंच्यात राहिलेला चोथा हाती लागला. सहज पिळून बघितला. वाटी भरायला आली! किती दूध त्यात तसंच राहिलं होतं!

सोमवारी फिजिओला घाबरत घाबरत सगळं सांगितलं. वाटलं, ओरडणार. तर ती टाळी वाजवून म्हणाली, “अहो, मी रोज टॉवेल पिळायला सांगते तो हाच व्यायाम! फक्त माझ्या टॉवेलमधून नुसतं पाणी येतं.”

पुढच्या शनिवारी मी घाबरत घाबरत विषय काढला. “बाबा, उद्या परत करायचंय. मला ते पिळायचं नीट जमत नाही.” पाच मिनिटं उत्तर नाही. मग पेपरमागून आवाज, “नारळ हलवून आणलास का? पाणी वाजायला हवं. आणि डोळे ओले नाहीत ना बघितलंस?”

दुसऱ्या रविवारी मास्तरांनी गणित सोडवलं होतं. पंच्याचं एक टोक त्यांनी सिंकच्या नळाला अडकवायला लावलं. म्हणजे पुरचुंडीचं वजन हातावर नाही, निसटायची भीती नाही. खाली पातेलं. आणि पीळ द्यायला दोन्ही हात मोकळे. डावा हात पुढारी, उजवा मागून ढकलतोय. अर्धा पीळ, थांबा. अर्धा पीळ, थांबा. कपाळावर घाम. वीस मिनिटं लागली. मी फोनमध्ये मेल बघायचं नाटक करत उभी. हात पुढे करायचा नाही हे आईनं डोळ्यांनीच बजावलं होतं.

पातेल्यात दूध जमलं. दाट, पांढरंशुभ्र.

आता तुम्ही म्हणाल, पुराण पुरे, कृती सांगा. सांगते.

चार ग्लासांसाठी एक मध्यम नारळ आणि एक मध्यम पिकलेला अननस. अननस पिकलाय हे वासावरून ओळखा, नुसत्या रंगावर जाऊ नका. मधला कडक दांडा काढून फोडी करा, साधारण तीन कप, आणि निदान चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. फोडीच गोठलेल्या असल्या की बर्फ कमी लागतो आणि ड्रिंक पाणचट होत नाही. हॉटेलवाले नेमकं इथेच आपल्याला गंडवतात.

नारळ खवून घ्या किंवा काळी पाठ सोलून बारीक तुकडे करा. पाऊण कप कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा, पंच्यातून पिळा. हे पहिलं दूध, दाट. तोच चोथा पुन्हा एक कप कोमट पाण्यात फिरवा आणि पिळा. हे दुसरं दूध, पातळ. दोन्ही वेगळी ठेवा आणि तासभर फ्रीजमध्ये गार करा. पहिलं दूध वर साईसारखं घट्ट झालं तर घाबरू नका, ढवळलं की झालं.

आधी नुसत्या अननसाच्या फोडी, चार-पाच बर्फाचे खडे, चिमूटभर मीठ आणि अननस आंबट असेल तर दोन चमचे साखर एवढंच फिरवा. अगदी लोण्यासारखं झालं की मग पहिलं दूध ओता आणि फक्त दोन झटके. जास्त फिरवलंत तर स्निग्धता वेगळी होऊन ओठांना तेलकट लागतं. वर थेंबभर लिंबू, हवं तर पुदिन्याचं पान. लगेच प्या. उन्हाळ्यात नारळाचं दूध बाहेर टिकत नाही, आणि सकाळी करून संध्याकाळी पिण्याचं हे काम नव्हे.

साधं दूध का नाही? कारण कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि थोड्याच वेळात मिल्कशेक कडू लागायला लागतो. नारळाच्या दुधात प्रथिनं फारच कमी, म्हणून ही जोडी जमते. हेही बाबांनीच सांगितलं, गणिताच्या मास्तरांनी! म्हणाले, “विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की तो तास मीच घ्यायचो.”

अननस नसेल तर हापूस घ्या, साखर अजिबात नको. पिकलेलं केळं आणि वेलची घेतलीत तर आमच्या कोकणातल्या शिकरणाच्या वाटेवर जाल. कलिंगडाच्या नादी मात्र लागू नका, नुसतं पाणी पाणी होतं. आम्ही प्रयोग केला, आम्हीच संपवला.

कृती संपली. आता एक राहिलेली गोष्ट.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना आणि डाएटिशियनला विचारलं होतं. झटका येऊन गेलेला माणूस, नारळाच्या दुधात सॅच्युरेटेड फॅट भरपूर. उत्तर आलं, आठवड्यातून एकदा, छोटा ग्लास, तोही पातळ दुधाचा, साखर नको. हे बाबांना कसं सांगायचं? पिळायचं यांनी आणि दाट ग्लास आम्ही प्यायचे? मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच ग्लास मांडले. “पहिलं दूध तुम्हाला. मला दुसरं. मला पातळच आवडतं.”

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. लहानपणी आई तांदळाच्या शेवया करायची, सोबत गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध. पहिलं दूध माझ्या आणि दादाच्या वाटीत. बाबांना दुसरं. “मला पातळच आवडतं.” तीस वर्षं मी ते खरं मानलं. आमच्याकडे तेव्हाही वाडी होती, पण नारळ बाजारात जायचे. घरात फुटायचा तो एक. हे हिशेब मला त्या दिवशी, पुण्यातल्या सातव्या मजल्यावर, मॉड्युलर किचनमध्ये उभं राहून कळले. दाट ग्लास हातात होता. घोट उतरेना.

आणि आता माझी कबुली. दर रविवारी बाबा हात धुऊन बाहेर गेले की मी चोथा हळूच पुन्हा पिळायचे. दूध वाया जाऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला बघायचं असायचं, मागे किती राहिलं. फिजिओकडे पकड मोजायचं यंत्र होतं, त्यावर किलोमध्ये आकडा यायचा. माझं यंत्र चोथा. पहिल्या रविवारी भरून वाटी. एप्रिलच्या शेवटी अर्धी. मेच्या दुसऱ्या रविवारी दोन चमचे. दरम्यान रबरी बॉल उशीखालून टेबलावर आला होता. कुणी आणला, कुणी विचारलं नाही. एक दिवस पेपरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं काढलेलं वर्तुळ दिसलं. वर्तुळ कसलं, बटाटा! पण उजव्या हाताचा बटाटा. मी तो पेपर रद्दीत जाऊ दिला नाही.

मी शुक्रवारी वेळेवर घरी यायला लागले. बॉसला वाटलं, मी इंटरव्ह्यू देतेय.

गोड शेवट करायचा मोह होतोय, पण खोटं कशाला सांगू? हात पूर्वीसारखा झालेला नाही. शर्टाचं वरचं बटण अजून आईच लावते. नारळ सोलणं तर दूरच. फिजिओ म्हणते, कदाचित होईल, कदाचित एवढंच राहील. पण बाबा आता जेवताना मान वर करून बसतात, आणि मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत.

२०२५ मध्ये उन्हाळ्यानं लवकर गाशा गुंडाळला. मेच्या शेवटच्या आठवड्यातच पावसाळा आला, अंगावर स्वेटर घालावा असा गारवा. २५ मेचा रविवार, बाहेर आभाळ भरलेलं. अशा हवेत कोल्ड ड्रिंक कोण पितं? मी नारळ आणलाच नव्हता. सकाळी नऊ वाजता बाबा चपला घालून तयार. “खालच्या भाजीवाल्याकडे जाऊन येतो.” लिफ्टनं गेले, एकटे. काठी डाव्या हातात. परत आले तेव्हा पिशवी उजव्या हातात होती. एकच नारळ, अर्ध्या किलोच्या आसपास. पण उजव्या हातात.

खवला, वाटला, पंचा नळाला बांधला. अर्धा पीळ, थांबा. अर्धा पीळ, थांबा. बारा मिनिटं. बाबा हात पुसत हॉलमध्ये गेले, टीव्ही लागला. मी पंचा उघडला. चोथा घेतला, मुठीत धरला आणि जीव खाऊन पिळला.

काही नाही. हातात नुसता कोरडा भुसा.

तेवढ्यात बाहेरून, टीव्हीचा आवाज कमी करून, बाबांनी विचारलं,

“निघालं का गं काही आज?”